पात्रापात्रविचार

समाचारास जाण्याची आपल्याकडे एक रीत आहे. ती कोणी पाठ करून घेत नाही. वडीलधाऱ्यांच्या मागून दोन-चार घरी गेले म्हणजे मुलांच्या ती आपोआप अंगवळणी पडते. ज्या घरी मृत्यू घडला तेथे जाऊन शांतपणे बसावे. घरचे माणूस बोलेल तर ऐकावे, न बोलेल तर आपणही स्वस्थ राहावे. ‘कसे झाले?’ हा प्रश्न पाहुण्याने आपण होऊन काढू नये. घरच्याच कोणी सांगू लागले तर मध्ये तोंड घालू नये. निघतेवेळी ‘येतो’ असे म्हणू नये. ह्या साऱ्या नियमांच्या मुळाशी एकच समजूत आहे. ती ही की, दुःख ज्याचे त्याच्या मालकीचे असते, आणि ते कोणापुढे किती उघडे करावे हे ठरविण्याचा अधिकारही त्याचाच असतो.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशा घरी जाणारा एक निराळा पाहुणा दिसू लागला आहे. त्याच्या हाती छापील प्रश्नावली असते, खांद्यावर पिशवी असते, आणि ‘कसे झाले?’ ह्या एका प्रश्नासाठीच तो शेकडो मैलांवरून आलेला असतो. तो दुष्ट नसतो. बहुधा तरुण, सुशिक्षित आणि मनाने कोवळा असतो. पुण्या-मुंबईच्या, दिल्लीच्या, क्वचित परदेशच्या विद्यापीठाने त्यास पाठविलेले असते. माणसांचा अभ्यास करणाऱ्या ह्या शास्त्रांत नीती कोणती आणि अनीती कोणती, ह्याविषयी साऱ्या जगात मोठा वाद आहे. तो आपल्यापासून दूर आहे असे सुज्ञ वाचकांनी समजू नये. वणी, पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव ह्या बाजूच्या कापसाच्या वावरांतून तो आपल्या दाराशी आलेला आहे. आजच्या लेखात त्याचाच थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम संशोधकाची बाजू नीट मांडली पाहिजे. पूर्वपक्ष दुबळा करून त्याचे खंडन करणे ही प्रामाणिक माणसाची रीत नव्हे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भाचे नाव सर्वतोमुखी झाले, तेव्हा त्यामागची कारणे कोणी तरी घरोघर जाऊन विचारणे अवश्य होते. २००५ सालच्या मार्चमध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने ह्या विषयावरील आपला अहवाल मुंबई उच्च न्यायालयास सादर केला. २००६ च्या जानेवारीत गोरेगाव येथील इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्र ह्यांचा अहवाल राज्य शासनाकडे गेला. त्यासाठी वर्धा, वाशीम व यवतमाळ ह्या तीन जिल्ह्यांतील १११ शोकग्रस्त कुटुंबांची माहिती घेण्यात आली होती. तुलनेसाठी, जेथे असा प्रसंग घडला नव्हता अशाही घरी जाऊन विचारपूस करण्यात आली होती. त्याच वर्षी अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या पुढाकाराने सहा जिल्ह्यांतील सतरा लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची पाहणी झाली. घरात दीर्घ आजारी कोणी आहे काय, लग्नाची मुलगी आहे काय, येथवर चौकशी तीत होती. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग ह्यांनी ह्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली.

न्यायालयाने प्रश्न केला नसता, पाहणी करणारे गावोगाव हिंडले नसते, तर ही दाद कितपत लागली असती? आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. जी स्त्री जन्मभर निंदण-खुरपण करते, कापूस वेचते, परंतु जिच्या नावे सातबारा नाही, ती गेली तर सरकारी गणतीत ती शेतकरी म्हणून सहसा धरली जात नाही. गणतीतील ही उणीव दाखवून दिली तीही प्रश्न विचारीत हिंडणाऱ्या माणसांनीच. तेव्हा ‘विचारूच नका, लोकांना त्यांच्या दुःखात राहू द्या’ असे म्हणणारांच्या पक्षाचा मी नाही. न विचारणे हे कित्येकदा सोईस्कर विस्मरणाचेच दुसरे नाव असते.

आता दुसरी बाजू पाहू. अशा मृत्यूनंतर कुटुंबास शासनाकडून एक लक्ष रुपयांचे साहाय्य देण्याची तरतूद आहे. २००५-०६ च्या सुमारास ठरलेल्या रीतीप्रमाणे त्यांपैकी ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत, अशी त्याची वाटणी होती. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रत्येक प्रकरण तपासते. जमीन कुटुंबाच्या नावे आहे काय. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे अथवा परवानाधारक सावकाराचे आहे काय. फेडीसाठी तगादा होता काय. अशा कसोट्या लावून कागदावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. आमच्याकडील खेड्यापाड्यांत हे दोन शब्द आज अक्षरशत्रू म्हातारीलाही ठाऊक आहेत. ज्याने जन्मभर मुलांना संस्कृत शिकविले त्याला आपल्या भाषेचे शब्द लोकांच्या तोंडी गेलेले पाहून आनंद व्हावयाचा. परंतु ‘आमचा अपात्र झाला’ हे वाक्य एखाद्या आईच्या तोंडून ऐकावे लागते, तेव्हा तो आनंद कोठे उरतो?

ह्या शेऱ्याची छाया पुढच्या प्रत्येक प्रश्नोत्तरावर पडते. ओट्यावर येऊन बसलेला मनुष्य तहसिलीचा, बँकेचा, वर्तमानपत्राचा की विद्यापीठाचा, हे त्या घरच्या बाईने कसे ओळखावे? ‘माझ्याकडून तुम्हांस काही लाभ होणार नाही’ असे त्याने आरंभीच प्रांजळपणे सांगितले, तरी तिच्या मनातील आशा जात नाही. पुरात सापडलेला मनुष्य समोर आलेली काठी धरतो; म्हणून काठी पुढे करणाऱ्याने ‘त्याने ती विचारपूर्वक धरली’ असे म्हणू नये. आशेने किंवा भीतीने दिलेल्या होकाराचे मोल नेहमी कमी करूनच धरावे लागते. शास्त्राच्या दृष्टीनेही ह्यात हानी आहे. साहाय्य कर्जाशी बांधलेले असल्यामुळे कर्जाची हकीकत पुढे येते. व्यसन, भाऊबंदकी, आजार, भर बाजारात झालेला अपमान ह्या गोष्टी मागे राहतात. म्हणजे नीतीत चुकले की सत्यातही चुकते.

मी एकदा एका विद्यार्थ्यास वाट दाखवीत आमच्या बाजूच्या एका गावी अशा घरी गेलो होतो. त्या घरी तोवर पाच जण येऊन गेले होते. बाईने सारी हकीकत शाळेतील पाठासारखी सांगितली. कोणत्या वाक्याला पाहुणा मान हलवितो आणि कोणत्या वाक्याशी त्याची लेखणी थांबते, हे तिला पाठ झाले होते. तिची मुलगी, सातवीत असेल, दाराआड उभी राहून ऐकत होती. सांगणे संपल्यावर बाई मजकडे वळून म्हणाली, “गुरुजी, हे सारे लोक लिहून नेतात, मंग परत काहून येत नाई?” विद्यार्थ्याने हा प्रश्न लिहून घेतला. प्रश्नावलीत त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून कडेच्या मोकळ्या जागेत लिहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा मला आपल्या धर्मशास्त्रातील दानविचार आठवला. आपण दानाचा विचार करताना देणाऱ्याकडे पाहतो. जुन्या शास्त्रकारांनी घेणाऱ्याकडे अधिक बारकाईने पाहिले आहे. घेणे ह्याला त्यांनी प्रतिग्रह असे नाव दिले आणि तो जोखमीचा मानला. घेणाऱ्याच्या अंगी विद्या व तप नसेल तर घेतलेले दान त्यास बाधते, असे त्यांचे म्हणणे. गीतेच्या सतराव्या अध्यायातही दानाची कसोटी देश, काल आणि पात्र ह्या तीन शब्दांत सांगितली आहे. आता पाहा: शोकात असलेली स्त्री आपल्या आयुष्यातील सर्वांत कठीण दिवसाची हकीकत एका अनोळखी माणसास सांगते. तिला त्याचे मोल मिळत नाही. घेणाऱ्यास मात्र त्यातून प्रबंध मिळतो, पदवी मिळते, कदाचित प्राध्यापकाची जागा मिळते. हे दान नव्हे तर काय? आणि हे जर दान असेल तर पात्र की अपात्र हा प्रश्न गेलेल्या माणसाविषयी किंवा त्याच्या विधवेविषयी आधी विचारावयाचा नसून, वही उघडून बसलेल्या माणसाविषयी आधी विचारावयाचा आहे.

ह्या देण्याघेण्यात ‘देता काय?’ असे विचारण्याची चाल मुळात नव्हतीच. आपल्याच भागाचे उदाहरण घेऊ. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल ह्यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींविषयीचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आमच्या वणीकडील कोलामांचे वर्णन त्यात आहे. ग्रंथ मोठ्या परिश्रमाचा आहे; आजही अभ्यासक तो चाळतात. परंतु कोलामांच्या पोडावर जाऊन, ‘तुमच्याविषयी हे लिहिले आहे, बरोबर आहे काय?’ असे त्यांना वाचून दाखविण्याचे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. त्याच राजवटीत १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. माणसांविषयी लिहिलेली ओळ कागदावरच राहत नाही, ती पोलिसाच्या हाती जाते, हे त्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या अनुभवले.

आपल्या इरावतीबाई कर्व्यांची गोष्ट ह्याहून विचार करावयास लावणारी आहे. १९३० च्या सुमारास त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकत होत्या. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवणच अशी की त्याची बुद्धी श्रेष्ठ ठरावी, असे त्या गुरूचे अनुमान. इरावतीबाईंनी कवट्या मोजून पाहिल्या आणि ते अनुमान खरे ठरत नाही असे त्याच्याच देशात राहून लिहिले. हे धैर्य असामान्य होय. परंतु ज्या कवट्या मोजल्या गेल्या त्यांत वसाहतींतून आणलेल्या कवट्या होत्या, आणि त्या कोणी स्वखुशीने दिलेल्या नव्हत्या. निष्कर्ष निर्मळ, मोजणारी व्यक्ती निर्मळ, आणि तरीही साधन मात्र हिरावून आणलेले. मनुष्य सज्जन असला म्हणजे पुरे, असे ज्यांना वाटते त्यांनी ह्या उदाहरणाचा अवश्य विचार करावा.

हिरावून घेण्याचा दुसरा प्रकार म्हणजे फसवून घेणे. अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिल्ग्रॅम ह्यांनी १९६१ पासून एक प्रयोग चालविला. ‘स्मरणशक्तीचा अभ्यास आहे’ असे सांगून सामान्य माणसांना बोलाविले, आणि चुकीच्या उत्तराबद्दल पलीकडल्या खोलीतील मनुष्यास विजेचा झटका देण्यास सांगितले. झटके खोटे होते, ओरडणे खोटे होते. झटका देणाराची तळमळ मात्र खरी होती. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या वृत्तांतात ४० पैकी २६ जण शेवटच्या कळीपर्यंत गेले असे नमूद आहे. माणूस अधिकाऱ्याच्या आज्ञेपुढे किती वाकतो, हे त्यातून कळले. पण घरी परतताना ‘मी एका निरपराध्यास छळू शकतो’ एवढे ज्ञान ज्याच्या पदरी बांधले गेले, त्याने ते मागितले नव्हते. आजही ह्या प्रयोगाविषयी पंडितांत एकमत नाही. आणि असे प्रकार प्रयोगशाळेतच होतात असेही नाही. २०१२ च्या जानेवारीत फेसबुकने ६,८९,००३ लोकांपुढे येणाऱ्या मजकुरातील आनंदाचे किंवा दुःखाचे प्रमाण आठवडाभर बदलून पाहिले. १९१४ साली नव्हे, तर २०१४ साली, म्हणजे अगदी आपल्या डोळ्यांदेखत, तो अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या लोकांस कळले की अशी गोष्ट झाली होती.

ह्या आणि अशा प्रकरणांतून जगभर नियम तयार झाले. आपल्या महाराष्ट्राचाही त्यात वाटा आहे, ही समाधानाची गोष्ट होय. मुंबईच्या ‘सेहत’ ह्या संस्थेच्या पुढाकाराने एका राष्ट्रीय समितीने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नीतिनियम तयार केले आणि ते २००० साली प्रसिद्ध झाले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शक नियमांत सामाजिक शास्त्रांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले. त्यांचे सार थोडक्यात असे: समजावून सांगून संमती घ्यावी, नाव गुप्त ठेवावे, अपाय करू नये, लाभ आणि भार ह्यांची वाटणी न्यायाने व्हावी, आणि संशोधकाचा बेत आधी एका स्वतंत्र समितीने तपासावा.

नियम उत्तम आहेत. परंतु कागदावरचा नियम खेड्यात उतरला म्हणजे त्याचे काय होते, ते पाहावे. संमतीपत्राचेच घ्या. नगरातील माणसास सही म्हणजे हक्काचे रक्षण वाटते. ज्याच्या घरी कर्जाने माणूस गेला, त्याच्या घरी सही किंवा अंगठा म्हणजे सावकाराचा कागद, बँकेचा कागद, वावर गहाण पडल्याचा कागद. ‘घाबरू नका, हे तुमच्याच रक्षणासाठी आहे’ असे म्हणून तेथे अंगठा मागणे म्हणजे त्याच जखमेवर बोट ठेवणे. अशा ठिकाणी तोंडी संमती, तीही गावातील विश्वासाच्या माणसासमोर, अधिक खरी ठरते. आणि वरील नियमांतही योग्य कारण असेल तर तशी मोकळीक आहे. पण समितीला छापील कागद सोयीचा पडतो, आणि संशोधकाला समितीची भीती असते. मग जो नियम त्या बाईसाठी केला तो संस्थेच्या संरक्षणासाठी वापरला जातो.

म्हणून मला वाटते की, छापील नियमांच्या जोडीला देश, काल आणि पात्र ही जुनी त्रिसूत्री प्रत्येक संशोधकाने आपल्यापाशी ठेवावी.

देश म्हणजे प्रश्न कोठे विचारावा. खेड्यात मोटार थांबली की गल्ली गोळा होते. ओट्यावर सासू, दीर, शेजारी बसलेले. त्यांत कधी ज्याचे पैसे देणे आहे तो बिनपरवान्याचा सावकारही. तेथे ‘कोणाचे कर्ज होते?’ हा प्रश्न विचारणे म्हणजे बाईस खोटे बोलावयास लावणे किंवा संकटात घालणे. देशाचा विचार लिहितानाही सुटत नाही. नाव बदलले म्हणजे माणूस लपला, असे नगरवासीयांस वाटते. ‘अमुक तालुका, तीन एकर कोरडवाहू, बत्तीस वर्षांची विधवा, दोन मुली’ एवढे लिहिल्यावर त्या पंचक्रोशीत ओळखावयाचे काय राहिले? न्यूयॉर्क राज्यातील एका लहान गावाविषयी १९५८ साली विडिच व बेन्समन ह्या दोघा समाजशास्त्रज्ञांनी पुस्तक लिहिले. गावाचे नाव बदलले, माणसांची नावे बदलली. तरी प्रत्येकाने प्रत्येकास ओळखले. आम्हांस अनामिक राखण्याचे वचन मोडले म्हणून गाव इतके चिडले की, ४ जुलैच्या त्यांच्या राष्ट्रीय उत्सवाच्या मिरवणुकीत शेणखत पसरण्याची गाडी आणून तीवर त्यांनी ग्रंथकर्त्याचा पुतळा मिरविला! आमच्याकडील लोक अधिक सोशीक आहेत. पोळ्याच्या दिवशी कोणी अशी गाडी काढली नाही, एवढेच.

काल म्हणजे केव्हा विचारावे. तेराव्याच्या आत जाणे वाईट, हे सांगावयास शास्त्र नको. पण वर्षश्राद्धाच्या दिवसांत, मुलाच्या परीक्षेच्या तोंडावर, कर्जाच्या नोटिशीच्या आठवड्यात जाणेही तितकेच वाईट. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. कापसाची वेचणी वजनावर मिळते. ज्या दिवशी बाई दोन तास प्रश्नांची उत्तरे देते त्या दिवशी दोन तासांचा कापूस वेचला जात नाही. ‘पैसे दिले तर उत्तर विकत घेतल्यासारखे होईल’ असे कित्येक विद्वान म्हणतात. त्यात तथ्य आहे. परंतु बुडालेली मजुरी भरून देणे वेगळे आणि उत्तर विकत घेणे वेगळे. जो विद्वान स्वतः प्रवासभत्ता घेतो त्याने तरी हा आक्षेप सांभाळून घ्यावा.

राहिले पात्र. विचारणाराच्या अंगी दोन गोष्टी असाव्यात. पहिली, खरेच हा प्रश्न विचारण्याची गरज आहे काय, हे त्याने आधी शोधलेले असावे. जे अहवाल कपाटात पडून आहेत ते न वाचता तीच माहिती त्याच घरातून पुन्हा काढणे हा आळस आहे, आणि त्या आळसाचे मोल दुसरा कोणी देतो. दुसरी, उत्तर झेलण्याचे बळ. अशा घरी विचारता विचारता ‘मलाही आता जगावेसे वाटत नाही’ असे उत्तर येऊ शकते. तेव्हा ते उत्तर रकान्यात भरून पुढच्या घरी जाणारा मनुष्य कितीही शिकलेला असो, अपात्र होय. तेथे वही मिटून बसले पाहिजे, घरच्या जबाबदार माणसास विश्वासात घेतले पाहिजे, जवळच्या आरोग्यकेंद्रातील डॉक्टरांस कळविले पाहिजे, आणि शासनाने २०२२ पासून चालविलेल्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक त्या घरी देऊन, लागल्यास स्वतः जोडून दिला पाहिजे. ही तयारी गावात शिरण्यापूर्वी करून ठेवावयाची असते.

ह्यावर असा आक्षेप येईल की, इतकी बंधने घातली तर संशोधनच थांबेल. आणि संशोधन थांबले तर ज्यांना खरेच काही लपवावयाचे आहे, ते अधिकारी, सावकार व व्यापारी, तेवढे निर्धास्त होतील. आक्षेप बिनतोड नसला तरी वजनदार आहे. सत्ताधाऱ्यास विचारताना त्याची संमती घेत बसलो तर लोकशाही चालावयाची नाही. म्हणून माझे म्हणणे सर्वांस सारखे लागू नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्यास प्रश्न निर्भयपणे, भर सभेत विचारावा. ज्याच्या हाती काहीच नाही त्यास हळू विचारावा. बंधने दुर्बळाच्या दारी हवीत. आज बहुधा उलटे घडते. बँकेच्या व्यवस्थापकाची भेट घेण्यास आठ दिवस आधी पत्र जाते, आणि विधवेच्या ओट्यावर न कळविता पाच माणसे चढतात.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे वळू. लिहून नेणारे परत का येत नाहीत? बहुतेकांना येण्याची इच्छा असते, परंतु पदवीच्या वेळापत्रकात परत येण्यासाठी दिवस राखलेला नसतो. अहवाल इंग्रजीत लिहिला जातो, आणि ज्यांच्याविषयी तो असतो त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही. ह्यास उपाय अवघड नाही. दहा-बारा पानांचे मराठी सार काढावे; गावाच्या ग्रामसभेत किंवा देवळाच्या पारावर एका सायंकाळी ते वाचून दाखवावे; चुकीचे असेल ते लोकांकडून दुरुस्त करून घ्यावे; आणि ज्या घरांनी माहिती दिली त्यांच्या घरी पाच मिनिटे बसून यावे, ह्या खेपेस वही न उघडता. हा खर्च प्रबंधाच्या खर्चातच धरला गेला पाहिजे.

बोलविता धनी दुसराच असला म्हणजे माणसाचे बोलणे कसे बदलते, आणि स्वतः बोलू लागला म्हणजे तेच कसे उजळते, ह्याचा अनुभव यवतमाळकरांनी घेतला आहे. २०१९ च्या जानेवारीत येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच्या उद्घाटनाचा प्रसंग आधीच्या निमंत्रणाच्या वादाने गाजला, आणि शेवटी उद्घाटन झाले ते ह्याच जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्ते. व्यासपीठावर थोर साहित्यिक बसलेले असता ती बाई आपल्या भाषेत, आपल्या मनाने बोलली. किती सांगावे आणि किती न सांगावे, हे तिने ठरविले. प्रश्नावलीच्या रकान्यांत जे कधी मावले नसते ते त्या दिवशी मांडवातील सर्वांनी ऐकले.

वाचकहो, हा विषय संशोधकांचा आहे, आमच्या घरात त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण हे संशोधक येतात कोठून? आपल्याच घरांतून. कोणाचा पुतण्या समाजकार्याची पदवी घेत असतो, कोणाची सून अर्थशास्त्रात प्रबंध लिहीत असते, कोणाची नात परदेशच्या विद्यापीठातून दोन महिन्यांसाठी ‘क्षेत्रकार्या’ला येते. त्यांच्या हुशारीचे आपण कौतुक करतो, प्रबंधाची पाने मोजतो. त्यांना समाचारास जाण्याची रीत शिकविण्याचे काम मात्र विद्यापीठ करणार नाही. ते घरच्या वडीलधाऱ्यांचे आहे. आपल्या पंक्तीला बसून वाढलेल्या मुलाने दुसऱ्याच्या ओट्यावर कसे बसावे, हे त्यास आजीच सांगू शकते.

तेव्हा असे एखादे मूल गावोगाव हिंडून घरी परत येईल, तेव्हा किती घरे झाली, किती प्रश्नावल्या भरल्या, हे त्यास आपण विचारूच. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. कोणी ‘नको’ म्हणाले काय, आणि म्हणाले तेव्हा तू काय केलेस? एखादे उत्तर ऐकून वही मिटावीशी वाटली काय? आणि त्या गावी परत केव्हा जाणार आहेस? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून एखादी तारीख मिळाली, तर ती दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, आणि तो दिवस आला म्हणजे मुलाला आठवण करून द्यावी.